टिटवीचा डावा गाल

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

मोजणी बघणाऱ्या इंजिनिअर अंतराने आज आमच्या साचा विभागात सगळ्यांना एकेक जाड वही वाटली. रोज शेडमधलं तापमान किती, दमटपणा किती, रेझिनचा कुठला डबा फोडला, एवढंच लिहायचं. मी विचारलं, "आणि माझं डोकं किती तापलं ते कुठे लिहायचं?" पोरगी हसली. म्हणाली, "मालूताई, त्याच्यासाठी घरी वेगळी वही करा." घ्या, केली. हीच ती.

सुरुवात केलीच आहे तर नीट करते. मी मालती, वय सेहेचाळीस, राहणार पेण, माहेर हमरापूर. माहेरी गणपतीचा कारखाना. बाबा मूळ मूर्ती घडवायचे, तिच्यावरून साचा निघायचा आणि त्या साच्यातून हजारो गणपती. बाबा गेले तेव्हा कारखाना मोरूदादाच्या नावावर झाला आणि मूळ मूर्ती घडवायचं काम माझ्याकडे आलं. नाव दादाचं, हात माझा. अशी वीस वर्षं काढली.

मागच्या साली रघुनाथ सर आले. रोह्याच्या जुन्या घरातले, जन्मभर परदेशात विमानांच्या कंपनीत होते. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक बागेत फिरतात, हे धाटावच्या एमआयडीसीत शेड घेऊन सहा माणसांचं छोटं जेट करायला बसले. अख्खा रोहा हसला. मी नऊ फुटी गणपती साच्यातून सोडवत होते, तेव्हा हा माणूस तासभर तोंडातून शब्द न काढता उभा. मग म्हणतात कसे, "बाई, विमान घडवाल का?" मी म्हटलं, "सोंड असेल तर घडवीन."

दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "इमान करनार म्हनं! आधी सायकल तं धड चालव." तेवढं म्हणाला म्हणूनच गेले, नाहीतर कदाचित गेले नसते. जाताना चार कारागीर घेऊन गेले. त्यातला जोह्याचा सुशील माझ्याच हाताखाली तयार झालेला. बत्तीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप, बोलायला कंजूष, कामाला वाघ.

विमानाचं नाव सरांनी ठेवलंय टिटवी. जगात सगळ्यांची विमानं गरुड नाहीतर ससाणा. सर म्हणतात, आपल्या खाडीवरची टिटवी बघा, एवढीशी असते पण कुणाच्या बापाला घाबरत नाही. मला हे आवडलं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

नाकापासून केबिनपर्यंतचं मूळ मॉडेल उभं राहिलं. पुण्याहून यंत्राने कापलेले फोमचे ठोकळे आले होते, ते आम्ही चिकटवले, वर पुट्टी ओढली, घासली. आता ह्याच्यावरून साचा, साच्यात कार्बनचं कापड आणि रेझिन, मग भट्टी, की झाली टिटवीची काया. गणपतीचंच शास्त्र. फक्त प्लास्टरमधल्या काथ्याच्या जागी कार्बन.

अंतराने तिचा मोजणीचा यांत्रिक हात सगळीकडे टेकवून बघितला. म्हणाली, दोन्ही बाजू केसाइतक्याही वेगळ्या नाहीत, अगदी तंतोतंत. ती खूश, सर खूश.

मी नाही. समोर उभी राहून बघितलं तर तोंड मेलेलं. यंत्राने कापलं की असं होतं. पत्र्याचा मुखवटा बरा.

गुरुवार, ५ डिसेंबर

आज मनासारखं काम झालं म्हणून लिहिते, नाहीतर हात दुखतोय.

बाबा सांगायचे, मूर्तीचे दोन्ही गाल सारखे करायचे नाहीत. डावा केसभर भरायचा. बघणाऱ्याला फरक दिसत नाही, पण मूर्ती त्याच्याकडे बघते. कुठल्याही चांगल्या कारागिराला विचारा. नाही सांगणार तो, पण करतो तेच.

गणपतीला केसभर, तर एवढ्या मोठ्या तोंडाला थोडं जास्त लागणार. नाकापासून पायलटच्या डाव्या काचेच्या चौकटीपर्यंत पुट्टीचा हात फिरवला आणि तीनदा घासला, शेवटी ओल्या पॉलिश पेपरने. डोळे मिटून तळवा फिरवला, कुठे उंचवटा नाही, कड नाही. दारातून ऊन आलं आणि मेलेलं ते तोंड जिवंत झालं. एकटीच होते, तरी मोठ्याने म्हटलं, "आता कशी बघतेस!"

संध्याकाळी वर रंगाचा हात दिला. अंतरा शेवटची मोजणी करायला आली, तर तिला म्हटलं, रंग चिकट आहे, हात लावलास तर परत घासावं लागेल. यंत्राचा हात उद्याच तपासणीसाठी पुण्याला जायचा आहे, आठ दिवस येणार नाही. साचा तर सोमवारी घ्यायचा. शेवटी सर म्हणाले, मागची मोजणी आहे ना, त्यावर सही कर. केली तिने.

सांगितलं असतं तर नको म्हणाली असती. इंजिनिअर लोकांना हे समजत नाही. विमान झालं की बघतील.

गुरुवार, ९ जानेवारी २०२५

साच्यातून काया सुटली!

सहा जण चारी बाजूंनी पाचर ठोकत होतो. सुशील खालून म्हणाला, "ताई, सुटतंय." आणि असा काही आवाज आला की अंगावर काटा. काळी कुळकुळीत, आरशासारखी. दोन माणसांनी उचलली एवढी हलकी. सरांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसत राहिले. मी सरळ रडले, मला नाही चोरून रडता येत. लोक ह्याला हसत होते काय? या म्हणावं आता.

शनिवार, १ फेब्रुवारी

माघी गणपतीसाठी हमरापूरला गेले. दादा अजून तिरकाच बोलतो, पण जेवल्यावर म्हणाला, "दाव तुजं इमान." मोबाईलवरचा फोटो बघितला. दोन बोटांनी मोठा केला. परत बघितला.

"डावा गाल बाबासारका भरलायस गो."

एवढंच म्हणाला आणि मोबाईल परत दिला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वीस वर्षांत माझ्या कामाला पहिल्यांदा चांगलं म्हणाला. येताना नारळ आणि दोन किलो पांढरे कांदे दिले.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पायलटच्या समोरच्या दोन काचा परदेशातून आल्या, एक डावी, एक उजवी. जाड, वाकवलेल्या. टिटवीच्याच मापाने बनवून घेतल्यात, दुसऱ्या कशाला चालायच्या नाहीत. पेटी उघडताना सर कुणाला शिंकूही देईनात.

उजवी काच फुलासारखी बसली. डावीला सुशील तासभर खटपट करत होता. माझ्याकडे आला. "ताई, डावी कडक जातेय. खाली पोकळी राहाते. जरा बघता काय?" मी पंखाच्या साच्यात कोपरापर्यंत रेझिनमध्ये. म्हटलं, "नवीन काच आहे, कडकच जाणार. दाब. बसेल." दुपारनंतर बसली. त्याने सगळे स्क्रू आवळले.

विशेष काही नाही. जेवणाला वालाची उसळ होती.

मंगळवार, ४ मार्च

काच फुटली.

वर हवा विरळ असते, आत माणसांना श्वास हवा, म्हणून उडताना विमान आतून फुगवलेलं असतं. ते फुगणं कायेला आणि काचांना झेपतं का, त्याची आज परीक्षा होती. आम्ही सगळे वाळूच्या पोत्यांमागे. सर काट्याकडे बघून आकडे म्हणत होते. पाव दाब झाला. निम्मा झाला. निम्म्याच्या थोडं पुढे गेलो आणि टच्च करून आवाज आला. बंदुकीसारखा नाही, कौल फुटल्यासारखा. डावी काच, खालच्या कोपऱ्यापासून आडवी.

अंतरा खालीच बसली. महिनाअखेर पैसे घालणारे लोक बंगळुरूहून येणार आहेत, त्यांना हीच परीक्षा दाखवायची होती. साच्याचं काम ह्या खेड्यातल्या लोकांकडून काढून बाहेर द्या, असं ते पहिल्यापासून म्हणतातच. आता त्यांना आयतं कोलीत मिळालं. मी, सुशील आणि बाकीचे तिघं, सगळेच घरी.

काच सदोष असणार. परदेशातलं सगळं सोनं असतं असं थोडंच आहे?

बुधवार, ५ मार्च

काच बसवायची एक रीत लिहून ठेवलेली आहे. त्यात स्पष्ट आहे की काच आपसूक बसली पाहिजे, दाबायची नाही. सरांनी सुशीलला आत बोलावलं, मलाही बोलावलं. अंतरा होतीच.

"सुशील, काच दाबून बसवलीस का?"

"व्हय सर."

"का?"

तो जमिनीकडे बघत होता. एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं, परत खाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "सर, गरीब माणूस सापडला म्हणून त्याच्या माथी मारू नका! काच बनवणाऱ्याला विचारा. अंतराच्या यंत्राला विचारा. माझ्या माणसाचे हात मला ठाऊक आहेत." आणखी बरंच बोलले, शेडभर ऐकू गेलं असेल. काही उपयोग झाला नाही. चौकशी संपेपर्यंत सुशील घरी.

स्टेशनवर त्याला म्हटलं, "घाबरू नकोस, मी आहे." मेमू आली तशी आमच्या रोजच्या डब्यात न येता तो पुढच्या डब्यात चढून गेला. धक्का बसलाय बिचाऱ्याला.

रविवार, ९ मार्च

हमरापूरला गेले ते चुकलंच. दादा लाकडी पट्टीने घमेल्यात प्लास्टर घोटत होता. म्हटलं काच फुटली. त्याने विचारलं, "कंची?"

"डावी."

पट्टी थांबली. माझ्याकडे बघितलं. मग परत घोटायला लागला. घमेल्यातलं प्लास्टर आवळून दगड झालं तरी ह्याची पट्टी चालूच.

"काय बोलायचं असेल तर बोल," मी म्हटलं.

"मी काय बोलू? तुला समदं समजतं."

चहा न घेता उठले. मी पडले की आनंद होणार ह्याला, माहीतच आहे. परत पाऊल टाकणार नाही तिथे.

शनिवार, १५ मार्च

आजही शेडमध्ये टिटवीच्या बाजूला फिरकायला वेळ झाला नाही. पंखाचं काम फार आहे. जेवणाच्या सुट्टीत सुद्धा मागच्या दाराने गेले.

सुशीलच्या बायकोचा फोन आला होता, उचलला नाही. काय सांगायचं तिला?

शुक्रवार, २१ मार्च

अंतराने आज कायेची आणि साच्याची नव्याने मोजणी केली. दुपारी सरांच्या खोलीत मला बोलावलं. तिचा चेहरा पांढराफटक. डाव्या गालापासून काचेच्या चौकटीपर्यंत तीन मिलिमीटरचा फुगवटा. काच त्यावर टेकून वाकलेली बसली होती. आतून हवेचा दाब आला, फुटली.

"सुशीलची चूक नाही," अंतरा म्हणाली. "कुणीही बसवली असती तरी फुटली असती. शेवटची मोजणी न करता सही केली मी."

सरांनी खोलीचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "साचा भट्टीत आकसला आणि डावीकडे फुगवटा आला असं लिहू. होतं असं. कुणाचं नाव यायला नको. सुशील परत येईल, अंतराची सही झाकली जाईल, साचा विभागही वाचेल. मालतीबाई, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "होत असेल."

होत असेल! मी, जी कुणाच्या बापाला भीत नाही, ती म्हणाले होत असेल.

रविवार, २३ मार्च

दोन दिवस अन्न गोड लागत नाही. सगळे सुटतात, मग मला काय टोचतंय?

काल जाताना अंतरा पंखाच्या कागदांवर काहीतरी करत बसली होती. विचारलं. म्हणाली, "साचा आकसतो असं ठरलं ना, मग पंखाचे साचे तीन मिलिमीटर मोठे करून परत कापायला सांगतेय. शेपटीचेही." मी ऐकलं आणि घरी आले. भात टाकला, करपला.

आकसत नाही गं तो! काही आकसत नाही! पंख वाढवतील, शेपटी वाढवतील, आणि दुसऱ्या टिटवीत, तिसरीत, सगळ्यात ते वाढीव माप जाईल. वर आकाशात सहा माणसं घेऊन. कशासाठी? हमरापूरच्या एका बाईला तोंड मेलेलं वाटलं म्हणून.

लिहिलं एकदाचं. आणि खरं सांगायचं तर फुटल्याच दिवशी कळलं होतं. टच्च आवाज आला तेव्हाच. पंखावरचं रेझिन वाळलं तरी मी तिथेच बसून राहिले, टिटवीला हात लावला नाही, कारण माझा तळवा खोटं बोलला नसता.

सोमवार, २४ मार्च

पहिल्या गाडीने गेले. सर नुकतेच आले होते, अंतराही होती. बसा म्हणाले, बसले नाही.

"साचा आकसलेला नाही. डावी बाजू मी भरली. मुद्दाम. साचा घ्यायच्या आधी, मोजणी झाल्यावर. आणि अंतराला रंग चिकट आहे म्हणून मीच लांब ठेवलं."

अंतरा म्हणाली, "पण का, मालूताई?"

"आमच्यात भरतात." तिला काही उलगडा होईना. मी सगळं सांगितलं, बाबांचं, गालांचं, उन्हाचं. सर ऐकत होते. मग एकदम भडकले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा बघितलं. "हे विमान आहे, बाई! देव्हाऱ्यात ठेवायचं नाही! कोटीची काच, पाच महिने, आणि तुम्ही गाल भरत बसलात?"

"बसले. आणि तुम्ही खोटं लिहायला निघालात. त्याच्याने पंख वाकडे होतील. माझी चूक एकाच तोंडावर आहे, तुमची सगळ्या विमानांवर जाईल."

असं बोलायला नको होतं. पण बोलले आणि बरं वाटलं. मग सांगितलं, "दुसरी गोष्ट. सुशीलने मला विचारलं होतं. मीच म्हटलं दाब. हेही लिहा." सर खुर्चीत बसले. अंतरा रडायला लागली, कुणासाठी ते कळलं नाही.

चौकशीचा कागद इंग्रजीत होता. कारण लिहायच्या रकान्यात मी मराठीतच लिहिलं: मालती, साचा प्रमुख, हिने मोजणीनंतर स्वतःच्या हाताने आणि कुणाला न सांगता डावी बाजू भरली. काच दाबायलाही तिनेच सांगितलं. खाली सही.

सर म्हणाले, "हे इंग्रजीत करावं लागेल."

"करा. नाव तेवढं तसंच ठेवा. आणि काढायचं तर मला एकटीला काढा. नाहीतर काम द्या, दुसरं मॉडेल करून देते. मधलं काही करू नका, मला मधलं सोसत नाही."

बुधवार, २६ मार्च

सुशील परत आला. मला वाटलं होतं बोलेल, निदान बरं केलंत ताई असं काहीतरी. मी नारळवड्या करून नेल्या होत्या, मूर्खासारख्या.

त्याने डबा बघितला, उघडला नाही.

"ताई, मी सरांच्या खोलीत तुमच्याकडं बघितलेलं."

"व्हय."

"तुम्ही बोलाल म्हनून थांबलेलो. तुमचं नाव मी घेनार नव्हतो, तुम्हीच शिकवलंय समदं. तुम्ही मात्र सरांवर वरडलात. मला वाटलं, इसरल्या असतील. घरी बायको म्हनाली, इसरल्या नसतील."

"नव्हते विसरले."

"एकोनीस दिवस," तो म्हणाला. "पोरगा इचारायचा, बाबा कामाला का जात नाय."

मी म्हटलं, "माझं चुकलं, सुशील." माझ्या तोंडून हे शब्द निघाले हे दादाने ऐकलं असतं तर चक्कर येऊन पडला असता. सुशीलने मान हलवली आणि कामाला गेला. जाताना गाडीत पुढच्या डब्यात बसला, मी मागच्या.

शुक्रवार, २८ मार्च

बंगळुरूचे लोक आले. सरांनी तो कागद झाकला नाही, टेबलावर ठेवला. वाचून त्यातला टाय घातलेला एक म्हणाला, हे तर अडाणीपणाचं काम. मी इंग्रजी बोलत नसले तरी अडाणी कशाला म्हणतात ते समजतं. म्हटलं, "तुमच्याकडे चूक झाली की कागदावर नाव येतं का कुणाचं?" अंतराने ते भाषांतर करून सांगितलं की नाही, देव जाणे. तो मात्र लाल झाला.

जुलैपर्यंत मुदत दिली आहे. परीक्षा पार पडली तर साचा विभाग राहील. पण मी प्रमुख राहायचं नाही, ही त्यांची अट. सरांनी विचारलं, मग कुणाला नेमू? मी पटकन म्हटलं, "सुशील." सगळे बघायला लागले. "बघता काय? काच बसत नाही हे पहिल्यांदा त्यालाच कळलं होतं."

रागातच म्हटलं, पण खरं आहे ते.

गुरुवार, २४ एप्रिल

नवीन मॉडेल उभं आहे. घासणारी मी, मोजणारी अंतरा, हुकूम सोडणारे सुशीलराव. प्रत्येक पेपरनंतर मोजणी, त्याशिवाय दुसरा पेपर हातात द्यायचा नाही, हा त्यांचा नियम.

आज तीन वाजता हात थांबवला. डोळे मिटून तळवा फिरवला, दोन्हीकडे सारखं. खात्रीच. सुशील आला, वाकून बघितलं, म्हणाला, "डावी परत घासा."

"का? यंत्र आलंय का सांगायला?"

"मला वाटतंय म्हनून. घासा."

ज्याला मीच पेपर कसा धरायचा ते शिकवलं, तो मला सांगतोय! चार शब्द सुनावले. तो उभाच. शेवटी अंतराने मोजून घेतल्यावर घासली, दात-ओठ खाऊन. मग अंतराने आधीचं आणि आताचं माप दाखवलं. आधी डावी पाव मिलिमीटर वर होती.

हात आपोआपच तिकडे जातो माझा. मला कळतसुद्धा नाही. हे कुणाला सांगायचं?

रविवार, ८ जून

दादा स्वतः घरी आला. मूर्तींची गडबड आहे, माणसं नाहीत, आखणीला ये म्हणाला. डोळे आखायला माझ्यासारखा हात त्याच्याकडे नाही, हे त्याच्या तोंडून काढून घेतलं तेव्हाच सोडला. पण नाही म्हटलं. काया भट्टीतून निघायची आहे.

"त्यांनी तुला खाली बसवली तरी जातेस?"

"व्हय."

"मी कवाच इचारनार होतो गो. फोटो बघितला तवाच. म्हटलं, इंजनेर लोकांनी सांगितलं असंल तसं."

म्हणजे तेव्हा तो कौतुक करत नव्हता. मी म्हटलं, "इचारायला हवं होतंस." तो म्हणाला, "तू ऐकलं असतंस?" मग त्याने दोनदा चहा मागून घेतला.

शुक्रवार, १८ जुलै

सकाळपासून पावसाने झोडपलं होतं. शेडच्या पत्र्यावर एवढा आवाज की सर आकडे ओरडून सांगत होते. नवीन काया, नवीन काच. डावी काच परवा सुशीलने दोन बोटांनी ठेवली आणि ती आपसूक बसली. दाबायचा प्रश्नच नाही.

पाव. निम्मा. मागच्या वेळी फुटली तो आकडा आला तेव्हा माझी नखं अंतराच्या मनगटात रुतली होती, तिने नंतर दाखवली. पुढे गेलो. पूर्ण. मग नियमाप्रमाणे पूर्णच्याही वर, आणि तिथे थांबायचं, काटा हलता कामा नये. बंगळुरूचा टायवाला घड्याळ बघत होता. मी मनात म्हटलं, फूट बघू! फुटून दाखव! काय बिशाद आहे तुझी!

नाही फुटली. काटा तसूभर हलला नाही. सरांनी हवा सोडली तेव्हा अशी काही शिट्टी वाजली, अख्खी शेड ओरडायला लागली. टायवाल्याने सरांशी हात मिळवला. साचा विभाग राहिला. पाचही जण राहिलो. मी आधी हसले मग रडले, ज्याला जे म्हणायचं ते म्हणो.

नंतर अहवाल लिहायला बसले. साचा प्रमुख म्हणून सुशीलने सही केली. सरांनी मला विचारलं, "तुमचं नाव घालू खाली?"

"नको. मागच्या कागदावर आहे तेवढं बस झालं."

"घाला सर," सुशील म्हणाला. "घासलंय त्यांनी."

झालं! स्टेशनवर त्याला गाठला, पुढच्या डब्याकडे निघाला होता. म्हटलं, मेहेरबानी करायला तुला कुणी सांगितलं? त्याच्याच मागून चढले, त्याच्यासमोर बसले. तो म्हणाला, मेहेरबानी नाय. मी म्हटलं, मग काय आहे? तो म्हणाला, चुकीला नाव लावलंत तर कामाला का नाय, हा कुठला न्याय? मी म्हटलं, न्याय मला शिकवू नकोस, काल पेपरसुद्धा उलटा धरला होतास. तो म्हणाला, तो उलटा नव्हता, तुम्हाला चष्मा लागलाय, केव्हापासून सांगायचं होतं. निडीला भांडत होतो, नागोठण्याला भांडत होतो. कासूला समोरचा म्हातारा उठून दुसरीकडे बसला.

पेणला उतरलो. तो छत्री उघडून जोह्याच्या रिक्षाकडे गेला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की चार महिन्यांत कामाशिवाय तो माझ्याशी आज पहिल्यांदाच बोलला.